पुण्याचा फ्लॅट, स्लाऊचा फ्लॅट आणि अडकलेले चोवीस हजार पौंड

प्रश्न, थोडक्यात

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं हे पत्र आहे. त्यांनी आणि त्यांच्या मिस्टरांनी २०१६ मध्ये स्लाऊला दोन बेडरूमचा लीजहोल्ड (म्हणजे ठरावीक वर्षांच्या पट्ट्यावरचा) फ्लॅट १ लाख ९० हजार पौंडांना दोघांच्या नावावर घेतला. मुलं मोठी झाली, जागा पुरेना, म्हणून रेडिंगजवळ ४ लाख ८० हजारांचं घर बघितलं. स्लाऊच्या फ्लॅटचं गिऱ्हाईक आयत्या वेळी मागे फिरलं, तरी बँकेकडून वेगळी सोय करून त्यांनी नवं घर सोडलं नाही. २२ नोव्हेंबर २०२४ ला कम्प्लीशन (पैसे देऊन ताबा) झालं आणि त्या दिवशी हातात दोन घरं असल्याने ३५,५०० पौंड स्टॅम्प ड्युटी भरावी लागली. त्यातले २४,००० फक्त ‘जादा घर’ म्हणून. स्लाऊचा फ्लॅट काही महिने बाजारात राहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये भाड्याने दिला. शिवाय कोथरूडला २०११ मध्ये घेतलेला, मिस्टर आणि सासूबाई यांच्या नावाचा फ्लॅट आहे. तिथे ७६ वर्षांच्या सासूबाई एकट्या राहतात.

आता सल्ले सुरू झालेत. लेस्टरचे आतेदीर म्हणतात, “पुण्याचा फ्लॅट विका, चोवीस हजार परत मिळतील, मला मिळाले.” ते ऐकून नाशिकचे दीर आईला आपल्याकडे न्यायच्या तयारीला लागले. एक स्नेही म्हणतात, पुण्याचा फ्लॅट नावावर आहे तोवर एक पेनीही मिळायची नाही. दुसरे म्हणतात, क्लेम वर्षाच्या आत करायचा असतो, तुमचं वर्ष उलटलं. तीस टक्के घेऊन पैसे सोडवून देऊ, असं एका कंपनीचं पत्रही आलंय. मिस्टरांचं म्हणणं, स्लाऊचा फ्लॅट राहू दे, भाडं तर येतंय. २ लाख १० हजारांची ऑफर आली होती, पण त्यांना २ लाख ३० हजारच हवे आहेत. “सासूबाईंना हलवायचं मनात नाही आणि चोवीस हजार सोडवतही नाहीत. काय करू?” असं त्या विचारतात.

उत्तर

ताई, आधी नाशिकला फोन लावा आणि आईंचं सामान बांधायचं थांबवायला सांगा. कोथरूडचा फ्लॅट विकून तुम्हाला या चोवीस हजारांतला एकही पौंड परत मिळणार नाही. तो नावावर ठेवला म्हणून एकही पौंड अडणार नाही. गेले काही महिने तुमच्या घरात ज्यावरून वाद चाललाय, त्या फ्लॅटचा या हिशेबाशी संबंधच नाही.

तुम्हाला हे पटायला जड जाईल, कारण घर घेताना सॉलिसिटरने स्वच्छ विचारलं होतं की जगात कुठेही तुमचं दुसरं घर आहे का, आणि तुम्ही प्रामाणिकपणे कोथरूडचं नाव लिहिलं होतं. बरोबरच केलंत. एप्रिल २०१६ मध्ये हा जादा कर आला तेव्हापासून परदेशातली घरंही त्यात धरली जातात आणि नवरा-बायको मिळून एक खातं समजलं जातं. त्यामुळे सगळ्यांचा समज असा होतो की सरकार घरं मोजतंय. एक असेल तर सूट, दोन असतील तर दंड. मग परतावा हवा असेल तर एक घर कमी करायचं, आणि सोपं कोणतं? लांबचं.

नियम तसा चालत नाही. त्याला दोनच गोष्टींशी मतलब आहे: तुम्ही राहतं घर बदललंत का, आणि आधीचं राहतं घर सोडून दिलंत का. तुम्ही स्लाऊला राहत होता, आता रेडिंगला राहता. स्लाऊचा फ्लॅट त्याच शुक्रवारी विकला गेला असता, तर कोथरूडचा फ्लॅट नावावर असतानाही तुम्हाला जादा कर एक पेनी लागला नसता. तो गेला नाही म्हणून लागला. नव्या घराचा ताबा घेतल्यापासून तीन वर्षांत तो विकलात, तर जादा भरलेली पूर्ण रक्कम परत मागता येते. पुण्याला एक फ्लॅट असो की चार, याच्यात फरक पडत नाही.

मग आतेदिरांना पैसे कसे मिळाले? ते थाप मारत असतील असं मला वाटत नाही. पत्रात तुम्ही लिहिलंय की ते २०२१ मध्ये भारतातून आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी लेस्टरला घर घेतलं. म्हणजे घर घेण्याआधीच्या तीन वर्षांत ते पुण्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहत होते. त्यांचं ‘आधीचं राहतं घर’ पुण्याचं होतं. ते विकलं, कर परत मिळाला, नियमाप्रमाणेच झालं. तुमचे मिस्टर कोथरूडच्या फ्लॅटमध्ये सुट्टीपुरते जातात. २२ नोव्हेंबर २०२४ च्या आधीच्या तीन वर्षांत ते तुमचं मुख्य राहतं घर कधीच नव्हतं, त्यामुळे ते विकून काही साधत नाही. उलट तिथे एनआरआयच्या हिश्श्यावर खरेदीदार टीडीएस कापणार, भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के आणि वर सेस, मग इथल्या रिटर्नमध्येही तो नफा दाखवायचा. आणि आई नाशिकला. आपल्याकडे एकाचा खरा अनुभव दुसऱ्याला सल्ला म्हणून जातो, आणि मधल्या तारखा कोणी विचारत नाही.

वर्ष उलटल्याची भीतीही सोडा. क्लेमला बारा महिन्यांची मुदत आहे हे खरं, पण ती जुनं घर विकल्याच्या तारखेपासून मोजतात. नव्या घराचा स्टॅम्प ड्युटी रिटर्न भरायची जी शेवटची तारीख होती, तिच्यापासूनही बारा महिने मोजतात, आणि या दोन्हींत जी तारीख नंतर येईल ती धरतात. तुमचा फ्लॅट अजून विकलाच नाही, म्हणजे तुमचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही.

दुसरं घड्याळ मात्र चालू आहे. तीन वर्षांची मुदत २२ नोव्हेंबर २०२७ ला संपते. त्या दिवसापर्यंत स्लाऊच्या फ्लॅटचं कम्प्लीशन झालेलं हवं. ऑफर मान्य केली, एक्स्चेंज (म्हणजे दोन्ही बाजूंनी करार पक्का) झालं, किल्ली पुढच्या सोमवारी देणार आहोत, अशा भरवशावर राहू नका. मुदत वाढवून देण्याची तरतूद आहे, पण ती फार अरुंद आहे. कोविडच्या काळातली बंधनं किंवा सरकारी यंत्रणेच्या कारवाईमुळे विक्रीच अशक्य झाली, अशा प्रकारची कारणं चालतात. गिऱ्हाईक मिळालं नाही किंवा मनासारखा भाव आला नाही, हे कारण चालत नाही, आणि तुमच्या घरी सध्या नेमकं तेच कारण तयार होतंय.

म्हणून आता स्लाऊकडे वळू. कोथरूडच्या वादाआड तो फ्लॅट विसरायला झालाय.

तुम्ही पत्रात महिन्याचे आकडे दिलेत, ते मी कागदावर मांडले. भाडं १,३५० पौंड. सर्व्हिस चार्ज (इमारतीची देखभाल) आणि ग्राउंड रेंट (जमीनमालकाचं भाडं) मिळून २६०. एजंटचे १५०. मॉर्गेजचं व्याज ६००. हातात उरले ३४०. मिस्टर म्हणतात ते ‘भाडं येतंय’ बहुधा हेच असावं. पण कर अजून बाकी आहे. व्याज उत्पन्नातून वजा होत नाही, त्यावर फक्त वीस टक्क्यांची सवलत मिळते. तुम्ही दोघंही चाळीस टक्क्यांच्या टप्प्यात आहात. १,३५० मधून २६० आणि १५० गेले, ९४० उरले, त्यावर चाळीस टक्के म्हणजे ३७६. त्यातून व्याजावरच्या सवलतीचे १२० वजा, राहिला कर २५६. तीनशे चाळीसमधून तो गेला की महिन्याला ८४ पौंड. बॉयलर बिघडला नाही, भाडेकरूने एक महिना चुकवला नाही, तर ८४. शिवाय एप्रिल २०२७ पासून इंग्लंडमध्ये घरभाड्याच्या उत्पन्नावर दोन टक्के जास्त दर जाहीर झालेत, तेव्हा ८४ सुद्धा राहणार नाहीत.

या ८४ पौंडांसाठी २४,००० सोडायचे, तर ते भरून यायला जवळजवळ चोवीस वर्षं लागतील. हा हिशेब मिस्टरांपुढे ठेवा. भांडण म्हणून नको, रविवारी सकाळी चहाबरोबर.

ते म्हणतील, भाव वाढेल की. बघू या. २०१६ मध्ये १ लाख ९० हजारांना घेतलेल्या फ्लॅटला इतक्या वर्षांनी २ लाख १० हजारांची ऑफर येते. लीज ८४ वर्षं उरलंय असंही तुम्ही लिहिलंय. ८० च्या खाली गेलं की लीज वाढवण्याचा खर्च एकदम चढतो आणि गिऱ्हाइकाची बँक नाक मुरडायला लागते. तो खर्च कमी करणारा कायदा २०२४ मध्ये झाला, पण त्यातला हा भाग लागू झालेला नाही. त्याच्या आशेवर थांबायचं का, हे तुम्ही ठरवा. मी थांबलो नसतो. लीजहोल्ड फ्लॅटला पुण्यातल्या मालकीच्या फ्लॅटसारखं धरून बसायची आपल्या लोकांना सवय आहे. एकदा घेतलेली जागा विकायची नसते, असं घरात लहानपणापासून ऐकलेलं असतं. स्लाऊच्या फ्लॅटमध्ये दरवर्षी लीजचं एक वर्ष कमी होतं आणि सर्व्हिस चार्ज वाढतो, हे त्या शिकवणीत कुठे बसत नाही.

याचा अर्थ मिळेल त्या भावाला फुंकून टाका, असं मी म्हणत नाही. मिस्टरांचा २ लाख ३० हजारांचा आग्रह आणि आलेली ऑफर यात वीस हजारांचा फरक आहे. मुदतीत विकलात तर मागून चोवीस हजार येतात. म्हणजे मुदतीनंतर विकून आजच्याइतकेच पैसे हाती यायचे असतील, तर तेव्हा २ लाख ३४ हजारांचा भाव मिळायला हवा. मिस्टरांच्या आकड्यापेक्षाही चार हजार जास्त. हे त्यांना दाखवलंत की वीस हजारांची घासाघीस जरा सैल होईल. मग २ लाख १८ मिळतात का, २ लाख २० मिळतात का, ते इस्टेट एजंटला बघू द्या. त्याला एक गोष्ट मात्र सांगू नका: तुमची तारीख. नोव्हेंबर २०२७ त्याला कळलं की गिऱ्हाइकाला कळलंच, आणि मग सप्टेंबरमध्ये प्रत्येक जण पंधरा हजार कमी करून मागेल.

फ्लॅट विकताना भांडवली नफ्याचा कर किती बसेल, अशी धास्ती तुम्ही एका ओळीत लिहून सोडून दिली आहे. ती बाळगू नका. नफा वीस हजारांचा. तुम्ही त्यात २०१६ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत राहिलात, तो सगळा काळ माफ. मालकीचे शेवटचे नऊ महिनेही माफ, तेव्हा कोणीही राहत असलं तरी. मधल्या काळाच्या वाट्याला फार तर चार हजारांच्या आसपास येतात. दोघांत विभागले की प्रत्येकाच्या वार्षिक ३,००० च्या सवलतीत बसतात. भाव याहून बराच जास्त आला आणि कर लागलाच, तर विक्रीनंतर साठ दिवसांत तो कळवून भरायचा असतो, एवढं ध्यानात ठेवा.

खरी अडचण भाडेकरूची आहे, आणि तिच्याबद्दल तुमच्या पत्रात एक शब्दही नाही.

१ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये कारण न देता घर रिकामं करून मागता येत नाही. विकायचं आहे हे कारण चालतं, पण त्यासाठी चार महिन्यांची नोटीस लागते आणि भाडेकरू राहायला आल्यापासून पहिल्या वर्षात हे कारण वापरता येत नाही. तुमचं पहिलं वर्ष सप्टेंबर २०२६ ला संपतं. आता नोव्हेंबर २०२७ पासून मागे मोजत या. लीजहोल्ड फ्लॅटची कागदपत्रं चार ते सहा महिने खातात. गिऱ्हाईक शोधायला तीन महिने धरा. एक गिऱ्हाईक मागे फिरेल हेही धरा, तुम्हाला त्याचा अनुभव आहेच. त्याच्याआधी नोटिशीचे चार महिने. आणि भाडेकरू नोटीस संपूनही निघाला नाही, तर कोर्टात किती जातील ते कोणी सांगू शकत नाही. ही सगळी बेरीज केली की २०२६ संपायच्या आत नोटीस गेलेली बरी. ‘अजून दीड वर्ष आहे’ असं मिस्टर म्हणत असतील. त्यातलं निम्म्याहून जास्त आधीच वाटून गेलंय.

नोटीस देण्याआधी भाडेकरूशी बोला. तीही माणसं आहेत, मुलांची शाळा असते. दोन महिने आधी सांगितलं आणि निघायला सोईची तारीख दिली, तर बरेच जण कोर्टापर्यंत जाऊ देत नाहीत. एक लक्षात असू द्या: विक्रीचं कारण देऊन नोटीस दिली, की नोटिशीची मुदत संपल्यावर वर्षभर तो फ्लॅट पुन्हा भाड्याने देता येत नाही. तेव्हा ‘नोटीस देऊन बघू, नाही विकला तर परत भाड्याने देऊ’ हा बेत मनातून काढा. भाडेकरूसकट विकायचा पर्याय आहे, पण असा फ्लॅट घेणारा गुंतवणूकदारच असतो, तो स्वतः पाच टक्के जादा भरणार असतो आणि ते तुमच्या भावातून वळते करतो.

आणखी एक काम आजच करण्यासारखं आहे. इमारतीच्या मॅनेजिंग एजंटकडून विक्रीसाठी लागणारा माहितीचा संच मिळायला किती दिवस आणि किती पैसे लागतात, ते विचारून ठेवा. सर्व्हिस चार्जचे हिशेब, इमारतीचा विमा, येऊ घातलेली मोठी दुरुस्ती, बाह्य भिंतींची आगीपासून सुरक्षितता, हे सगळं त्यात असतं. लीजहोल्डच्या विक्रीत आठवड्यांमागून आठवडे जातात ते बहुतेक याच कागदांपायी. ते फार लवकर मागवले तर शिळे होतात, म्हणून फ्लॅट बाजारात टाकायच्या सुमाराला मागवा. पण आधीच्या सर्व्हिस चार्जची थकबाकी असेल तर ती आत्ताच मिटवा.

मिस्टरांनी सुचवलेला एक तोडगा तुम्ही कंसात लिहिलाय: स्लाऊचा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर करायचा आणि तुम्ही तुमच्या नावाने क्लेम करायचा. चालणार नाही. नवरा-बायको एकच धरतात हे वर आलंच. २०१७ च्या नोव्हेंबरपासून नियम आणखी घट्ट केलाय: जुन्या घरातला तुमचा आणि जोडीदाराचा सगळा हिस्सा गेला पाहिजे. अर्धा विकून, दहा टक्के ठेवून, एकमेकांच्या नावावर करून भागत नाही. दिरांना किंवा भावाला विकता येईल, पण खरं विकायचं. मॉर्गेज, बाजारभाव, त्यांना लागणारी स्टॅम्प ड्युटी हे सगळं खरंखुरं. नावापुरतं केलेलं एचएमआरसी, म्हणजे इथलं कर खातं, ओळखतं, आणि नात्यात असे व्यवहार पुढे कसे निघतात ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता त्या कंपनीच्या पत्राविषयी. तुम्हाला आश्चर्य वाटलंय की त्यांना तुमचा पत्ता आणि घराची किंमत कशी कळली. लँड रजिस्ट्रीची विक्रीच्या किमतींची यादी सगळ्यांसाठी खुली आहे. त्यावरून अशी पत्रं गठ्ठ्याने जातात. ते तुमच्याकडून तीस टक्के मागतात, म्हणजे ७,२०० पौंड. कशासाठी? जो अर्ज तुम्ही एका संध्याकाळी स्वतः भरू शकता, फुकट, त्यासाठी. आणि तेही फ्लॅट विकल्यावर. त्याच्याआधी ते काय क्लेम करणार आहेत, हे त्यांना विचारलंत का? पत्राची तुम्ही पाठवलेली प्रत वाचली तर उत्तर तिसऱ्या परिच्छेदात आहे: घर घेताना बॉयलर बंद होता किंवा ओल होती, तर ते ‘राहण्यायोग्य घर’ नव्हतं, म्हणून घरांचा दर लागूच होत नाही. रेडिंगच्या घरात तुम्ही पहिल्या आठवड्यापासून राहताय. असल्या क्लेममधला एक खटला कोर्ट ऑफ अपीलपर्यंत गेला आणि २०२५ मध्ये निकाल एचएमआरसीच्या बाजूने लागला: दुरुस्तीला आलेलं घर हे घरच असतं. असा परतावा आधी खात्यात येतो, कंपनी तिचे तीस टक्के घेऊन जाते, आणि मग एचएमआरसी तपासणीत पूर्ण रक्कम व्याजासकट, कधी दंडासकट परत मागते. तुमच्याकडून. कंपनीने घेतलेले तीस टक्के सुद्धा तुमच्याच खिशातून. सहीचा कागद त्यांना पाठवला नसेल तर पाठवू नका. पाठवला असेल तर लेखी रद्द करा, आणि एचएमआरसीकडे त्यांना तुमचा एजंट म्हणून नोंदलंय का तेही पाहा.

फ्लॅट विकला गेला की करायचं ते एवढंच. रेडिंगच्या खरेदीचा स्टॅम्प ड्युटी रिटर्न आणि त्याचं प्रमाणपत्र आज सॉलिसिटरकडून मागून घ्या, पुढे फर्म बंद होते, माणूस बदलतो. त्यावर अकरा अक्षर-अंकांचा व्यवहार क्रमांक असतो, तो लागतो. स्लाऊचा पत्ता, विक्रीची तारीख, घेणाऱ्याचं नाव, भरलेला एकूण कर, परत मागितलेली रक्कम, तुमचा बँक खाते क्रमांक. सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज आहे. घर दोघांच्या नावावर आहे, तेव्हा अर्जात दोघांची नावं हवीत. तुम्ही स्लाऊला खरोखर राहत होता हे कोणी विचारलं तर दाखवायला त्या वर्षांची काउन्सिल टॅक्सची बिलं आणि मुलांच्या शाळेची पत्रं एका फाइलमध्ये ठेवा.

पत्रात एक खंत आहे, तिचंही उत्तर देऊन टाकतो. तुमचं एक्स्चेंज ऑक्टोबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात व्हायचं होतं, ते पुढे गेलं, ३० तारखेच्या बजेटने ३१ पासून जादा दर तीनाचा पाच टक्के केला आणि तुमचे ९,६०० पौंड वाढले. सॉलिसिटरवरचा तुमचा राग मला समजतो. पण मुदतीत फ्लॅट विकलात तर तीन काय आणि पाच काय, जे जादा भरलं ते सगळं परत येतं. राग धरायचाच असेल तर २३ नोव्हेंबर २०२७ पर्यंत थांबा.

इतर वाचकांची या विषयावरची पत्रं बरीच आहेत, त्यांच्यासाठी चार गोष्टी. गावाकडच्या घरात चुलते, भाऊ, बहिणी यांच्याबरोबर नाव लागलंय म्हणून जादा कर लागेल का, असं अनेक जण विचारतात. नवं घर घेण्याच्या दिवशी तुमच्या हिश्श्याची बाजारभावाने किंमत ४०,००० पौंडांपेक्षा कमी असेल, तर तो धरत नाहीत. साताऱ्याकडच्या वाड्यातला सहावा हिस्सा बहुतेकांचा याच्या आतच राहील, पण नवरा-बायकोचे हिस्से एकत्र असतील तर नीट बघा, आणि किंमत कशावरून काढली त्याचा कागद ठेवा. वडिलोपार्जित हिस्सा नवं घर घेण्याआधीच्या तीन वर्षांत वारशाने आला असेल आणि तो तुमचा-जोडीदाराचा मिळून निम्म्याहून जास्त नसेल, तर तोही सोडून देतात. नुकतेच भारतातून आलेल्यांना वेगळाच दोन टक्क्यांचा कर लागतो, इथले रहिवासी नाहीत म्हणून. खरेदीच्या आगेमागे सलग ३६५ दिवसांच्या कोणत्याही काळात इथे १८३ दिवस राहिल्याचं दाखवता आलं, तर तो परत मागता येतो. त्याची मुदत खरेदीपासून दोन वर्षं आहे. पासपोर्टवरचे शिक्के आणि विमानाची तिकिटं टाकून देऊ नका.

हे सगळं इंग्लंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचं. एडिंबरा-ग्लासगोच्या वाचकांचा कर वेगळा आहे, तिथे जादा दर डिसेंबर २०२४ पासून आठ टक्के आहे. परताव्यासाठी जुनं घर विकायची मुदत आता तिथेही तीन वर्षं आहे, पण अर्ज रेव्हेन्यू स्कॉटलंडकडे करायचा. कार्डिफवाल्यांनी वेल्श रेव्हेन्यू अथॉरिटीकडे. एचएमआरसीला पाठवलेला अर्ज तिथून परत येतो आणि तेवढे आठवडे जातात.